सहलीत काय पाहावे?

आमच्या नववीच्या मुलांनी यंदा भिवंडीजवळचे एक मोठे स्वयंचलित गोदाम पाहिले. बारकोड वाचला जातो आणि पट्ट्यावरचे प्रत्येक खोके आपापल्या वाटेला वळते, हे पाहून मुले हरखून गेली. वह्यांत यंत्रांची वर्णने पानभर उतरली. तिथे राबणाऱ्या माणसांविषयी मात्र दोन ओळीही नाहीत. ही उणीव आम्हाला खटकते.

वास्कोला यंत्रे नवी नाहीत. मुरगाव बंदरात १९७९ साली खनिज चढवणारी यांत्रिक यंत्रणा सुरू झाली. यंत्र आले की पाठीवरचे ओझे उतरते, हे चांगलेच. पण त्याबरोबर हातचे कामही जाते का, हे विचारायला हवे. अ‍ॅमेझॉनने २०१२ साली गोदामातले यंत्रमानव बनवणारी किवा कंपनी घेतली; २०२५ साली तिच्या यंत्रमानवांनी दहा लाखांचा टप्पा गाठला. आमची मुले याच जगात नोकरी शोधणार आहेत.

म्हणून पुढच्या सहलीला मुलांनी पाच प्रश्न लिहून न्यावेत व त्यांतले दोन तरी कामगारांना विचारावेत. ज्यांचे आजोबा बंदरात होते, त्यांनी सुरुवात घरापासूनच करावी. पालकांनी व विश्वस्तांनी या विचारपूसीलाही अभ्यास मानावे, ही विनंती.