पनवेलचा नाका आणि पाचवी आज्ञा

मुंबईहून पुण्याकडे किंवा कोकणाकडे निघालेल्या बहुतेक प्रवाशांची वाट पनवेलवरून जाते. कळंबोलीजवळ मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग सुरू होतो. पळस्पे फाट्यावरून मुंबई-गोवा महामार्ग दक्षिणेकडे वळतो. सायन-पनवेल महामार्गावरून मुंबईची वाहने येथे येतात, न्हावा-शेवा बंदराचे कंटेनर येथून देशभर जातात आणि तळोजा औद्योगिक वसाहतीच्या मालमोटारींची त्यांत भर पडते. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी-न्हावाशेवा अटल सेतूचे उद्घाटन झाले. नवी मुंबई विमानतळावरून २०२५ साली ऐन नाताळच्या दिवशी विमानांची ये-जा सुरू झाली. या साऱ्यांमुळे पनवेल परिसरातील वर्दळ वाढतच राहणार आहे.

याच रस्त्यांवरून मुले शाळेत जातात, कामगार सायकलीने पाळीवर जातात, वृद्ध भाविक रविवारी मिस्सेला येतात. नाताळात व मे महिन्यात गोव्याकडे आणि सावंतवाडीकडे जाणारी आपली कुटुंबेही येथूनच पुढे जातात. म्हणून रस्त्यावरील सुरक्षितता हा केवळ वाहतूक पोलिसांचा विषय आहे असे आम्हांला वाटत नाही. तो आपल्या श्रद्धेचाही विषय आहे.

दोन घटना

५ जून २०१६ ही रविवारची पहाट होती. द्रुतगती मार्गावर पनवेलजवळ शेडुंग येथे दोन मोटारी रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या. त्यांपैकी एकीचे चाक पंक्चर झाले होते आणि दुसरी मदतीसाठी थांबली होती, असे त्या वेळच्या वृत्तांत म्हटले होते. साताऱ्याहून मुंबईकडे येणारी एक खासगी बस त्या मोटारींवर आदळली आणि बाजूच्या खड्ड्यात कोसळली. १७ जणांनी प्राण गमावले.

१५ जुलै २०२४ च्या रात्री याच मार्गावर पनवेलजवळ पुन्हा तसाच आकांत झाला. आषाढी एकादशीसाठी डोंबिवली परिसरातून पंढरपूरला निघालेल्या वारकऱ्यांची बस पुढे चाललेल्या एका ट्रॅक्टरवर आदळून खड्ड्यात कोसळली. पाच जणांचा मृत्यू झाला आणि चाळीसहून अधिक जण जखमी झाले. द्रुतगती मार्गावर ट्रॅक्टरला मनाई आहे.

अशा बातम्या वाचून आपण हळहळतो आणि म्हणतो, ‘त्यांची वेळ आली होती.’ जो वाचतो त्याच्याविषयी म्हणतो, ‘काळ आला होता, पण वेळ आली नव्हती.’ दफनविधीच्या वेळी ‘देवाची इच्छा’ हे शब्दही आपल्या तोंडून सहज निघून जातात. शोकाकुल कुटुंबाचे सांत्वन करण्याचा त्यामागील हेतू आम्ही समजू शकतो. तरीही आपण थोडे थांबून विचार करावयास हवा. कडेला थांबलेल्या वाहनावर भरधाव बस आदळावी, मनाई असलेले वाहन रात्री त्या मार्गावर यावे, ही देवाची इच्छा कशी असेल? ‘अपघात’ या आपल्या शब्दातच ‘घात’ आहे. तो कोणी ठरवून केलेला नसतो. पण अनेकांच्या लहानमोठ्या बेफिकिरीतून तो घडतो. आपली बेफिकिरी देवाच्या नावावर मांडणे योग्य नव्हे.

आकडे काय सांगतात

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १,६८,४९१ माणसे रस्त्यांवर मृत्युमुखी पडली. त्यांपैकी पंधरा हजारांहून अधिक महाराष्ट्रातील होती. म्हणजे आपल्या राज्यात दररोज सरासरी चाळीसहून अधिक घरांत अंधार झाला. मृतांमध्ये सुमारे ७५ हजार दुचाकीस्वार, ३२ हजारांहून अधिक पादचारी आणि चार हजारांहून अधिक सायकलस्वार होते. या तिघांची बेरीज केली, तर दर तीन मृतांपैकी दोघांच्या भोवती पत्र्याचेही संरक्षण नव्हते असे दिसते. त्या वर्षी सुमारे ५० हजार जण हेल्मेट न घातलेल्या अवस्थेत दगावले आणि त्यांतील चौदा हजारांहून अधिक मागे बसलेले होते. ‘मागे बसणाऱ्याला हेल्मेट कशाला?’ असे विचारणाऱ्यांनी हा आकडा ध्यानात ठेवावा.

सर्वाधिक मृत्यूंना कारण ठरतो तो वेग. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे २८ मीटर अंतर कापते. चालकाने मोबाइलकडे दोन सेकंद पाहिले, तर तेवढ्या वेळात त्याची गाडी पन्नासहून अधिक मीटर जवळजवळ आंधळेपणाने धावलेली असते. वेग दुप्पट झाला की आघाताची शक्ती चौपट होते. ‘अति घाई, संकटात नेई’ हा फलक आपण घाटात अनेकदा वाचला आहे. त्यामागील गणित हे असे आहे.

सामायिक, पण समान नव्हे

रस्त्यावरील दोषाविषयी बोलणे निघाले की प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवितो. मोटारचालक म्हणतो, पादचारी कोठूनही आडवे येतात. पादचारी म्हणतो, पदपथावर दुकाने आणि दुचाकी असतील तर चालावे कोठून? सायकलस्वार म्हणतो, आमच्यासाठी रस्ता उरलाच नाही. मालमोटारचालक म्हणतो, आम्हांला झोपेपुरतीही विश्रांती मिळत नाही. यांपैकी प्रत्येकाच्या तक्रारीत तथ्य आहे. काइनाने देवाला उलट प्रश्न विचारून भावाची जबाबदारी झटकली होती. आपली उत्तरेही नकळत त्याच वळणाची होतात.

जबाबदारी सर्वांची आहे, हे आम्ही मान्य करतो. परंतु ती सर्वांची सारखी नाही. चालत्या माणसाची चूक बहुधा त्याच्याच जिवावर बेतते. मालमोटारचालकाची चूक इतर दहा जणांचा जीव घेऊ शकते. ज्याच्या हाती अधिक शक्ती, त्याच्यावर अधिक भार, हा न्याय आहे आणि तीच ख्रिस्ती शिकवण आहे.

पोप सोळावे बेनेडिक्ट यांच्या कारकिर्दीत, १९ जून २००७ रोजी, स्थलांतरित व प्रवासी जनांच्या सेवेसाठी असलेल्या त्या वेळच्या परमधर्मपीठीय परिषदेने रस्त्यावरील प्रेषितकार्याविषयी मार्गदर्शक दस्तऐवज प्रसिद्ध केला. कार्डिनल रेनातो मार्तिनो तेव्हा त्या परिषदेचे अध्यक्ष होते. त्या दस्तऐवजात वाहनचालकांसाठी दहा आज्ञा दिल्या आहेत. पहिली अर्थातच हत्या न करण्याची आहे. वाहन हे सत्तेचे आणि पापाचे साधन होऊ नये, वाहन चालविण्याच्या स्थितीत नसलेल्याला प्रेमाने थांबवावे, अपघातग्रस्तांच्या कुटुंबांना आधार द्यावा, असेही त्यांत सांगितले आहे. नववी आज्ञा रस्त्यावरील दुर्बलाचे रक्षण करावयास सांगते. कॅथोलिक धर्मशिक्षणग्रंथही (परिच्छेद २२९०) मद्याच्या नशेत किंवा वेगाच्या हव्यासापायी स्वतःची व इतरांची सुरक्षितता धोक्यात घालणे हा गंभीर दोष मानतो, आणि हे विवेचन पाचव्या आज्ञेखाली येते. ‘खून करू नको’ ही आज्ञा आपण मोडलेली नाही अशा समाधानात आपण प्रायश्चित्त संस्काराला जातो. दारू पिऊन स्टिअरिंगवर बसलो, त्या रात्री केवळ सुदैवाने कोणी आडवे आले नाही, हे तेथे आपल्याला आठवते काय?

याचा अर्थ पादचाऱ्याला काहीच कर्तव्य नाही, असा नाही. पदपथ नसेल तेथे उजव्या कडेने, समोरून येणारी वाहने दिसतील असे चालावे. पूल किंवा भुयारी मार्ग असताना दुभाजक ओलांडून जीव धोक्यात घालू नये. कळंबोलीजवळ पुण्याच्या बसची वाट पाहताना प्रवासी भर रस्त्यावर उतरतात, ते टाळावे. सायकलस्वाराने मागे लाल दिवा किंवा परावर्तक लावावा आणि विरुद्ध दिशेने जाऊ नये. दुर्बलालाही स्वतःच्या जिवाची काळजी घेण्याचे कर्तव्य आहे, कारण तो जीवही देवानेच दिला आहे.

शासनाचा वाटा

केवळ नागरिकांना उपदेश करून हा प्रश्न सुटणार नाही. पनवेल ते इंदापूर या सुमारे ८४ किलोमीटरच्या टप्प्याचे चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झाले आणि दशक उलटले तरी ते रखडलेलेच राहिले. अर्धवट पूल, अचानक येणारी वळणे आणि खड्डे यांतून वाट काढताना जे दगावले, त्यांच्या मृत्यूचा जाब केवळ चालकाला विचारता येणार नाही. १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की अडथळाविरहित पदपथ वापरण्याचा पादचाऱ्यांचा हक्क हा राज्यघटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. २०१६ साली स्थापन झालेल्या पनवेल महानगरपालिकेकडे हा हक्क मागताना आपण संकोचू नये.

प्रयत्न केल्यास काय साधते, याचे उदाहरणही आपल्या दाराशीच आहे. २०१६ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर १५१ जणांचा मृत्यू झाला. त्याच वर्षी सेव्हलाइफ फाउंडेशन ही संस्था, महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळ आणि पोलीस यांनी एकत्र येऊन त्या मार्गावरील मृत्यू शून्यावर आणण्याचा उपक्रम हाती घेतला. धोक्याच्या जागा शोधून दुरुस्त करणे, कठडे व फलक उभारणे, कडेला उभ्या राहणाऱ्या वाहनांवर आणि वेगावर लक्ष ठेवणे, जखमींना लवकर उपचार मिळवून देणे, अशी ही साधी कामे होती. २०१९ मध्ये मृतांची संख्या शंभराच्या खाली आली. रस्ता तोच होता आणि माणसेही तीच होती. मग जे वाचले, त्यांची ‘वेळ’ कोणी बदलली? माणसांनीच बदलली.

शोमरोनी माणसाला कायद्याचे कवच

येरुशलेमहून यरीहोकडे जाणाऱ्या रस्त्यावर अर्धमेल्या पडलेल्या माणसाचा दाखला आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. त्याला टाळून पुढे गेलेले पहिले दोघेही धर्मसेवेतील होते, हे विसरून चालणार नाही. आज आपण पुढे निघून जातो ते बहुधा निष्ठुरपणामुळे नव्हे, तर पोलीस आणि न्यायालय यांचा ससेमिरा मागे लागेल या भीतीने. ही भीती आता निराधार आहे. सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी मदतकर्त्यांच्या संरक्षणासाठीच्या मार्गदर्शक सूचनांना मान्यता दिली आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आले. जखमीला मदत करणाऱ्यावर आपले नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही आणि सद्भावनेने केलेल्या मदतीबद्दल त्याला जबाबदार धरता येत नाही. मे २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या केंद्रीय योजनेनुसार अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेत रोख रक्कम न भरता उपचार मिळू शकतात. १०८ किंवा ११२ क्रमांक फिरविणे हे आजच्या शोमरोनी माणसाचे पहिले पाऊल आहे.

मात्र शेडुंगची ती पहाट येथे आठवावी. मदत करताना स्वतः मृत्यूच्या वाटेत उभे राहू नये. गाडी शक्य तितकी रस्त्याबाहेर घ्यावी, धोक्याचे दिवे लावावेत, मागे अंतरावर त्रिकोणी परावर्तक ठेवावा आणि सर्वांनी कठड्याच्या पलीकडे जाऊन थांबावे. करुणेला शहाणपणाची जोड हवी.

आपल्या धर्मग्रामांत

इतरांना सांगण्याआधी आपण आपल्या चर्चच्या फाटकापासून आरंभ करावा. रविवारी आपल्या मोटारी आणि दुचाकी पदपथ अडवितात आणि मिस्सेहून निघालेल्या वृद्धांना भर रस्त्यात उतरावे लागते. मध्यरात्रीच्या मिस्सेला तरुण एका दुचाकीवर तिघे बसून येतात आणि आपण कौतुकाने पाहतो. लग्नाच्या मेजवानीत यजमान प्यायला आग्रह करतो, पण पाहुणा घरी कसा जाणार हे विचारीत नाही. दहावी उत्तीर्ण झालेल्या मुलाच्या हाती गाडीची किल्ली ठेवणाऱ्या पालकाला तर कायद्याने तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. पण त्याहून मोठी शिक्षा म्हणजे त्या मुलाच्या हातून कोणाचा प्राण गेला, तर आयुष्यभर सोसावा लागणारा सल.

लहान ख्रिस्ती समूहांच्या बैठकांत या विषयावर एक संध्याकाळ खर्च व्हावी. आपल्या भागातील धोक्याचे नाके, बंद पडलेले दिवे, अडविलेले पदपथ यांची यादी करून ती महानगरपालिकेला द्यावी. हे काम सर्वधर्मीय शेजाऱ्यांना बरोबर घेऊन करावे. रस्त्यावर मरण धर्म विचारून येत नाही.

नोव्हेंबर हा आपल्या मृतांच्या स्मरणाचा महिना. त्याच महिन्यातील तिसरा रविवार संयुक्त राष्ट्रसंघाने २००५ पासून रस्ते अपघातातील बळींच्या स्मृतीसाठी राखला आहे. त्या रविवारी आपल्या धर्मग्रामांत, रस्त्यावर गेलेल्या आपल्या माणसांची नावे वेदीपुढे घ्यावीत असे आम्ही सुचवितो. आणि ज्याच्या हातून कोणाचा मृत्यू झाला, त्या चालकासाठीही त्या दिवशी प्रार्थना व्हावी. तोही बहुधा रात्री झोपत नसेल. मग मिस्सा संपल्यावर गाडी सुरू करण्यापूर्वी प्रत्येकाने क्षणभर थांबावे, हेल्मेटचा पट्टा बांधावा आणि समोर रस्ता ओलांडणाऱ्या आजीबाईंना आधी जाऊ द्यावे. प्रभूने दाखविलेला शेजारी त्या क्षणी आपल्यापुढूनच चाललेला असतो.