किंमत झाका, मग चव घ्या

दुकानातल्या फळीवर रेड वाइनच्या वीस-पंचवीस बाटल्या रांगेत उभ्या असतात. कुणावर किल्ल्याचं चित्र, कुणावर कोंबडा, तर कुणावर मिशीवाला सूर्य! गिऱ्हाईक आधी किंमत बघतं. सगळ्यात स्वस्त घ्यायची लाज वाटते, सगळ्यात महाग परवडत नाही. मग मधलीच कुठली तरी पिशवीत पडते. ती चांगली की वाईट, हे ठरवायचं कसं?

जाणकारांची युक्ती अगदी सोपी आहे. बाटलीला कागद गुंडाळायचा, त्यावर क्रमांक घालायचा आणि चव घेणाऱ्याला नाव, गाव, किंमत काहीच सांगायचं नाही. २४ मे १९७६ रोजी पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परियर या इंग्रज वाइनविक्रेत्याने हेच केलं. नऊ फ्रेंच परीक्षकांसमोर फ्रान्स आणि कॅलिफोर्नियाच्या वाइन झाकून ठेवल्या गेल्या. वीसपैकी गुण द्यायचे होते. रेडमध्ये पहिली आली कॅलिफोर्नियाची ‘स्टॅग्ज लीप’! बोर्दोच्या नामवंत बाटल्या तिच्या मागे पडल्या. लेबल दिसत असतं, तर हा निकाल लागला असता का?

किंमत जिभेलाही फसवते. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका प्रयोगात एकच वाइन लोकांना दोनदा दिली गेली. एकदा पाच डॉलरची म्हणून, एकदा पंचेचाळीस डॉलरची म्हणून. महाग म्हणून दिलेली लोकांना जास्त आवडली. मेंदूच्या तपासणीतही सुखाची खूण अधिक ठळक दिसली!

मग परीक्षा कशाची घ्यायची? आधी पेला पांढऱ्या कागदावर धरून रंग बघायचा. हा रंग द्राक्षाच्या गरातून नव्हे, सालीतून येतो. मग पेला हलकेच फिरवून वास घ्यायचा. शेवटी छोटा घोट तोंडात घोळवायचा. आंबटपणा लाळ सुटण्यावरून कळतो आणि साल-बियांतला तुरटपणा जांभूळ खाल्ल्यावर जीभ ओढली जाते तसा. फळाचा स्वाद, आंबट आणि तुरट यांपैकी कुणीच दुसऱ्याच्या डोक्यावर बसत नसेल आणि घोट गिळल्यावरही चव रेंगाळत असेल, तर बाटली पास!

प्रत्येक मुलखाचा स्वभावही वेगळा. इटलीची कियांती सांजोवेझे द्राक्षाची. ती आंबटसर असल्याने टोमॅटोच्या रश्शाशी तिची गट्टी जमते. काळ्या कोंबड्याची खूण दिसली, तर ती ‘कियांती क्लासिको’. स्पेनच्या रिओहामधल्या बाटलीवर ‘क्रियांसा’ लिहिलेलं असेल, तर ती किमान दोन वर्षं मुरलेली असते, त्यातलं एक वर्ष ओकच्या पिंपात. त्यामुळे व्हॅनिलासारखा वास येतो. अर्जेंटिनाच्या मेंदोसाची मालबेक गडद आणि रसाळ. अँडीज पर्वताच्या पायथ्याशी, उंचावर पिकलेली.

चिलीची तर कथाच न्यारी! तिथे वर्षानुवर्षं ‘मेर्लो’ म्हणून जोपासलेल्या वेलींपैकी कित्येक प्रत्यक्षात कार्मेनेर निघाल्या. युरोपात हे वाण जवळपास नामशेष झालं होतं. १९९४ साली एका फ्रेंच वनस्पतितज्ज्ञाने ते ओळखलं. आपल्या नाशिककडे शिराझ आणि काबर्ने सोव्हिन्यों चांगली रुजली आहेत. शिराझमधला मिरीचा तिखट वास मसालेदार जेवणापुढेही दबत नाही.

एक पथ्य मात्र आपल्या हवामानामुळे पाळावंच लागतं. ‘रेड वाइन खोलीच्या तपमानाला प्यावी’ असं म्हणतात, पण ती खोली युरोपातली! मुंबई-नागपूरच्या उन्हाळ्यात बाटली आधी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावी. नाही तर दारूचा भपकाराच नाकात शिरतो आणि चांगल्या वाइनवर नापासाचा शिक्का बसतो. उरलेली बाटली घट्ट बूच लावून फ्रिजमध्ये ठेवली, तर तीन-चार दिवस टिकते.

आणि हो, पदकांना भुलू नये. कॅलिफोर्नियाच्या एका मोठ्या स्पर्धेत परीक्षकांना एकाच बाटलीतली वाइन, न सांगता, तीनदा दिली गेली. तिन्ही वेळा जवळपास सारखेच गुण देणारे निघाले दहात एक!

मित्रमंडळींनी चार मुलखांच्या चार बाटल्या आणाव्यात, कागद गुंडाळावेत आणि प्रत्येकाने आपापले गुण लिहून मगच कागद उलगडावेत. घोट मात्र चवीपुरतेच. दारूचं कुठलंही प्रमाण आरोग्याला निर्धोक नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली बजावलं आहे. परीक्षकसुद्धा तोंडातला घोट थुंकून टाकतात. गुण द्यायला तेवढा पुरतो!