झाडाची नोंद आधीं, दंड मागाहून

महसूल खात्याच्या दप्तरांत ज्याची नोकरी संपली, त्यास कागदाचें बळ आणि कागदाची अडचण हीं दोन्ही ठाऊक असतात. खेड्यांतील झाडांस कायद्याचें संरक्षण असावें, याविषयीं फारसा मतभेद नाहीं. तें संरक्षण बांधावरील झाडापर्यंत पोंचतें कीं नाहीं, एवढाच प्रश्न आहे.

शिवारांतील झाडांसाठीं आपल्या राज्यांत १९६४ चा वृक्षतोड नियमन कायदा आहे. त्याच्या मूळ अनुसूचींत आंबा, फणस, चिंच, जांभूळ, मोह, हिरडा, साग, खैर इत्यादि १६ जाती आहेत. वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीवांचून त्या तोडतां येत नाहींत. परंतु झाड वाळलेलें, रोगट, वाऱ्यानें पडलेलें किंवा जीवितास धोका करणारें असेल, तर परवानगी नाकारूं नये, असेंही त्यांतच सांगितलें आहे. कायदा करणारांस शेतकऱ्याची अडचण समजत होती, हें यावरून दिसतें.

व्यवहार मात्र निराळा. मी नोकरींत असतांना एका वृद्ध खातेदाराचा अर्ज आला होता. घरावर झुकलेला वाळका आंबा काढण्याची परवानगी तो मागत होता. अर्ज एका मेजावरून दुसऱ्या मेजावर गेला, पंचनामा झाला, उतारा जुना म्हणून कागद परत आले. तोंवर मृग निघाला आणि झाड पडवीवर कोसळलें. त्याच हंगामांत शेजारच्या शिवारांतील हिरव्यागार चिंचा एका रात्रींत गाडींत भरून गेल्या. त्यांची नोंद कोठेंच नव्हती. मग चौकशी तरी कशाची करावयाची? अर्ज करणारा अडला व न करणारा सुटला, ही गोष्ट माझ्या मनांतून अद्याप जात नाहीं.

दंड वाढवावा, असा उपाय सुचविला जातो. मूळ कायद्यांत दंडाची मर्यादा १,००० रुपये होती. ती ५०,००० करण्याचें मंत्रिमंडळानें २०२४ सालीं ठरविलें. ठेकेदारास हजार रुपये म्हणजे खर्चाची एक बाब, हें खरें. परंतु नोंदीवांचून वाढविलेला दंड सांपडेल त्या गरिबावर बसेल आणि धूर्त माणूस पूर्वीप्रमाणेंच निसटेल. शिवाय, झाड वाढलें कीं कचेरीचे खेटे आले, अशी समजूत एकदां झाली म्हणजे शेतकरी रोप हातभर असतांनाच उपटून टाकील.

शहरांसाठींच्या १९७५ च्या कायद्यानें दर पांच वर्षांनीं वृक्षगणना करण्याचें काम वृक्ष प्राधिकरणाकडे दिलें आहे. मग खेड्यानें काय पाप केलें? प्रत्येक गांवाची अशी गणना व्हावी आणि ती चावडींत वाचून दाखवावी. वड, पिंपळ व उंबर हे मूळ अनुसूचींत नाहींत. त्यांतील जुन्या झाडांचाही तींत समावेश असावा. वाळल्या झाडाच्या अर्जाचा निकाल पावसाळ्यापूर्वीं लागावा.

आज्ञापत्रांत रामचंद्रपंत अमात्यांनीं सुमारें तीनशें वर्षांपूर्वीं हाच विचार मांडला आहे. आरमाराच्या कामीं सुद्धां रयतेचे आंबे-फणस तोडूं नयेत. जीर्ण झाड हवेंच असेल, तर धन्यास राजी करून व मोल देऊन घ्यावें. झाडाचें रक्षण आणि धन्याचा मान हीं तेथें एकत्र आलीं आहेत.

शेतकरी बंधूंनो, आपल्या हातीं आहे तेवढें तरी आपण करूं या. ई-पीक पाहणी २०२१ सालीं सुरू झाली; तींत बांधावरील झाडेंही स्वतः नोंदवितां येतात. पिकाबरोबर तीं नोंदवावीं, उतारा काढून पाहावा, चूक असल्यास तलाठ्यास वेळींच सांगावें. ज्या झाडाचें नांव दप्तरांत आहे, त्यावर कुऱ्हाड घालणाऱ्यास निदान एकदां मागें वळून पाहावें लागतें.