मॉरिशस : हनिमून वगळून

मॉरिशस म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? नवीन लग्न झालेलं जोडपं, मॅचिंग टोप्या, आणि मागे निळंशार पाणी. ट्रॅव्हलवाल्यांनी या बेटाचा असा काही हनिमून करून ठेवलाय की एकट्या माणसाने तिकीट काढलं तर ऑफिसात लोक आधी ‘अभिनंदन’ म्हणतात आणि मग ‘ती कोण?’ विचारतात. पॅकेजही ठरलेलं. सात दिवसांतले चार रिसॉर्टच्या पूलमध्ये, एक दिवस स्पीडबोट, एक दिवस शॉपिंग. अहो, पूलमध्येच बसायचं तर लोणावळा काय वाईट आहे?

वर्षभर साठवलेली पीएल आणि बोनसचा बराचसा भाग या ट्रिपवर जाणार असेल, तर प्लॅनिंग ट्रॅव्हल एजंटवर सोडू नका. एक वीकएंड नकाशा घेऊन बसा. बेट एवढंसं आहे, उत्तर टोकापासून दक्षिण टोकापर्यंत जेमतेम पासष्ट किलोमीटर. म्हणजे पुण्याहून लोणावळ्याला जाण्याइतकं! पण या तेवढ्यात जे भरलंय ना, त्याला आठ दिवस कमी पडतात.

आधी सीझन. मॉरिशस विषुववृत्ताच्या खाली आहे, त्यामुळे आपलं गणित उलटं. आपल्याकडे मे महिन्यात घामाच्या धारा लागतात तेव्हा तिथे हिवाळा सुरू होतो. हिवाळा म्हणजे काय, किनाऱ्यावर छान गुलाबी गारवा आणि डोंगरात एक स्वेटर. जानेवारी ते मार्च चक्रीवादळांचे दिवस. एजंट त्या महिन्यांत ‘डिस्काउंट’ देतो, तो उगाच नाही. माझं मत सप्टेंबरला. कोरडी हवा, चालायला सोपं, समुद्रात हंपबॅक व्हेल आलेले असतात आणि बहुतेक वर्षी गणपती याच सुमारास येतात.

गणपती? हो, आपलेच! मॉरिशसमध्ये गणेश चतुर्थीची सार्वजनिक सुट्टी असते. फक्त तारीख तपासून घ्या. २०२५ मध्ये आपल्याकडे २७ ऑगस्टला बाप्पा बसले, तिथली सुट्टी २८ ऑगस्टला होती. तिथल्या मराठी समाजाचे पूर्वज मुंबई बंदरातून गेले, त्यात कोकणातले बरेच. आज घरात क्रिओल बोलणारी त्यांची नातवंडं-पतवंडं शाळेत मराठी विषय घेतात. पश्चिमेकडच्या कास्काव्हेल गावात मराठी वस्ती आहे. बायकामुलं नटूनथटून मूर्ती घेऊन समुद्राकडे निघतात, झाकरी नाचतात. आपल्या कोकणातल्या जाखडीशी तिचं नातं लगेच लक्षात येतं. तिथे गेलात तर कॅमेरा जरा उशिरा बाहेर काढा. आणि प्लीज, ‘तुम्हाला मराठी येतं का?’ असं परीक्षकासारखं विचारत फिरू नका. दीडशे वर्षं समुद्रापलीकडे राहून त्यांनी जे टिकवलंय, त्याला आपण मार्क देणारे कोण?

हे सगळं कुठून सुरू झालं ते बघायला पोर्ट लुईचा आप्रवासी घाट. पॅकेजच्या बसमधून दहा मिनिटं मिळतात, आणि खरं सांगायचं तर दहा मिनिटांत तिथे काही दिसतही नाही. जुन्या दगडी भिंती, सोळा पायऱ्या, बस्स. पण मॉरिशसमध्ये १८३५ मध्ये गुलामगिरी संपली आणि उसाच्या मळेवाल्यांना स्वस्तातले हात हवे झाले. त्याआधीच, १८३४ पासून, भारतातून करारावर मजूर यायला लागले होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत साडेचार लाखांच्या आसपास माणसं आली. प्रत्येकाला एक नंबर मिळायचा, पुढे पुढे फोटोही काढले जायचे. नोंदवहीत बापाचं किंवा आजोबाचं पहिलं नाव लिहिलं गेलं आणि तेच अनेक कुटुंबांचं आडनाव होऊन बसलं. युनेस्कोने २००६ मध्ये हा घाट जागतिक वारसा यादीत घेतला. शेजारच्या संग्रहालयाला अख्खी सकाळ द्या. कॉल सेंटरमध्ये एम्प्लॉयी आयडी गळ्यात घालून बसणाऱ्या आपल्या पिढीला ती नंबरांची पानं वाचताना जरा कसंतरी होतं.

आता निसर्ग, म्हणजे नुसता बीच नव्हे. डच इथे १५९८ मध्ये उतरले आणि शंभर वर्षांच्या आत डोडो संपला, ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते. पुढची कोणी सांगत नाही. १९७४ मध्ये मॉरिशस केस्ट्रेल नावाचा छोटा ससाणा जंगलात फक्त चार उरला होता. चार! १९९० च्या सुमाराला गुलाबी कबुतरं दहाएक. माणसांनी अंडी उचलून उबवली, पिल्लं हाताने वाढवली, पुन्हा जंगलात सोडली. आज दोन्ही पक्षी शेकड्यांत आहेत. ते बघायला आग्नेय किनाऱ्याजवळचं ‘इल ओ झेग्रेत’ हे सव्वीस हेक्टरचं बेट गाठा. मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशनचा गाइड सोबत असतो, बाहेरून आणलेली झाडं काढून मूळची एबनी पुन्हा वाढवलेली दिसतात आणि पायवाटेवर भलंमोठं कासव आडवं बसलेलं असतं. २०२० मध्ये ‘वाकाशिओ’ जहाज इथून जवळच प्रवाळावर चढलं आणि त्यातलं सुमारे हजार टन तेल याच समुद्रात सांडलं. तुमच्या तिकिटाचे पैसे कुठे जावेत असं वाटत असेल, तर या बेटावर. डॉल्फिनच्या मागे बोटी पळवणाऱ्या ‘डॉल्फिन टूर’वर मात्र माझी फुली.

म्हणून मुक्काम दोन करा. पहिल्या तीन रात्री माहेबूर्गला. विमानतळ जवळ, वरचं बेट जवळ, ब्लू बेचं प्रवाळही तिथेच. शिवाय सोमवारचा बाजार. नंतर पश्चिमेला ब्लॅक रिव्हरच्या बाजूला. तिथलं नॅशनल पार्क १९९४ चं, चालायच्या वाटा भरपूर, केस्ट्रेल दिसलाच तर इथे. ल मोर्नचा ५५६ मीटरचा डोंगर पळून आलेल्या गुलामांचा आसरा होता. पहाटे चढा, दुपारी ऊन भाजून काढतं.

पैशाचं थोडक्यात. भारतीय पासपोर्टवर पर्यटकाला आधी व्हिसा काढावा लागत नाही, परतीचं तिकीट आणि राहण्याचं बुकिंग हाताशी ठेवा. मुंबईहून थेट विमान आहे. तिथेही रुपयाच चालतो, पण तो आपल्या रुपयाच्या जवळजवळ दुप्पट, तेव्हा मेन्यू कार्ड बघून ‘अरे, स्वस्त आहे!’ म्हणून उड्या मारू नका. गेस्टहाउसमध्ये राहा, बसने फिरा आणि दुपारचं जेवण रस्त्यावर उरका. गाडीवरची ढोलपुरी म्हणजे डाळीचं सारण भरलेली, गोड नसलेली पुरणपोळीच जणू, आत वालासारख्या दाण्यांची उसळ आणि तिखट चटणी. ती जोडीनेच मिळते, आणि एकट्या माणसालाही देतात.