कळा : सरळ आणि तिरक्या

मराठी भाषा मोठी दूरदर्शी आहे. यंत्रावर जी दाबतात ती कळ आणि दिवसभर ती दाबून मनगटातून जी निघते तीही कळच! या दोन कळांमध्ये समेट घडवून आणणारा एक पंथ हल्ली निघाला आहे. त्याचं म्हणणं असं, की कळफलकाच्या रांगा तिरक्या असतात म्हणून मनगटं दुखतात. कळा बुद्धिबळाच्या पटासारख्या उभ्या-आडव्या सरळ लावा. दुखणं पळेल आणि बोटं धावतील.

या पंथाचा आमच्या घरातला प्रचारक म्हणजे माझा भाचा. ठाण्याहून अंबाडीला आला तो असा एक फलक पिशवीत घालूनच.

"मामा, तुम्ही दीडशे वर्षांपूर्वीच्या लोखंडी दांड्यांची गुलामी करताय!"

आधी जमेची बाजू मांडतो. दांड्यांचं खरं आहे. १८७४ साली रेमिंग्टननं शोल्सचं यंत्र बाजारात आणलं. त्यात प्रत्येक कळेखालून एक दांडी मागे जाई. दांड्यांना वाट मिळावी म्हणून प्रत्येक रांग थोडी बाजूला सरकवली. १९५५ साली गोदरेजनं देशी टाइपरायटर काढला, त्यातही तेच. पुढे दांड्या गेल्या, सरकलेपण राहिलं. वरच्या रांगा डावीकडे झुकतात. उजव्या हाताला ते चालून जातं, डाव्याला उगाच वाकडं व्हावं लागतं. डाव्या हातावर अन्याय झाला आहे, हे मी लिहून द्यायला तयार आहे.

सरळ रेषांचं आम्हाला वावडंही नाही. मागावरच्या उभ्या-आडव्या धाग्यांवर जगणाऱ्या भिवंडी तालुक्यात राहून ते परवडणारही नाही. शिवाय कळफलकाच्या उजव्या टोकाला आकड्यांचा चौकोन असतो, तो सरळच आहे. आमचे कॅशियर गिऱ्हाइकाशी पावसावर बोलत बोलत, खाली न बघता त्यावर रकमा ओढतात.

"बघा!" भाचा म्हणाला.

"अरे, तिथे एकच हात, तीन बोटं आणि वीस वर्षांचा सराव. श्रेय चौकोनाला द्यायचं की वीस वर्षांना?"

आता खर्चाची बाजू. हाताची पाची बोटं सारखी नसतात, हे आपल्या आजीलाही माहीत होतं. या चौकटवाल्यांना तेवढं माहीत नाही! करंगळी आणि मधलं बोट एकाच सरळ रांगेत उभं करणं म्हणजे पहिलीतल्या पोराला आणि हेडमास्तरांना एका बाकावर बसवणं. त्यातून हे फलक बहुधा आखूड असतात. खांदे रुंद, फलक अरुंद. मग दोन्ही हात आत येतात आणि मनगटं बाहेर वाकतात. खरा आराम फलकाचे दोन तुकडे करून ते खांद्याइतके लांब ठेवण्यात आहे. कळा सरळ की तिरक्या, हा त्यानंतरचा प्रश्न.

वेगाची गोष्ट जुनीच आहे. ड्वोरॅक नावाच्या अमेरिकन प्राध्यापकानं १९३६ साली अक्षरांची नवी मांडणी पेटंट केली. १९४४ साली तिथल्या आरमाराच्या चाचणीत ती फार वेगवान ठरली. १९५६ साली दुसऱ्या सरकारी चाचणीत तो फायदा कुठे सापडेना. सवयीपुढे शहाणपण चालत नाही.

मराठी माणसाला मांडणीच सुधारायची असेल, तर इन्स्क्रिप्ट आहे. १९८६ साली आपल्या सरकारनं ती प्रमाण ठरवली. डाव्या हाताशी स्वर आणि मात्रा, उजव्या हाताशी बहुतेक व्यंजनं; त्यामुळे दोन्ही हात आळीपाळीनं जात्यासारखे चालतात. 'क'च्या कळेवर शिफ्ट दाबली की 'ख'. बाराखडी येते त्याला निम्मी पाठ! संगणकात ती फुकट असते. पण फुकटच्या गोष्टीची पिशवीतून मिरवणूक काढता येत नाही. भाचा मराठी लिहितो ते इंग्रजी अक्षरांतून, आणि माझा 'मामा' कित्येकदा 'ममा' होऊन माझ्यापर्यंत पोचतो.

माझं खरं भांडण पुढेच आहे. आमच्या शाखेतलं टेबल उभ्या गिऱ्हाइकाच्या कोपराच्या मापाचं. खुर्चीची उंची ती ज्या वर्षी बिघडली त्या वर्षीच कायम झाली. पाय टेकायला जुन्या व्हाउचरांचा गठ्ठा. एका सहकाऱ्यानं दुखरं मनगट रविवारी वज्रेश्वरीच्या गरम कुंडात बुडवून आणलं, आणि सोमवारी ते पुन्हा त्याच टेबलावर ठेवलं. अशा माणसानं पदरचे काही हजार घालून सरळ फलक घेतला, तर सुटतो कोण? मनगट नव्हे; ज्यानं खुर्ची द्यायची तो साहेब सुटतो. "तुमच्याकडे खास फलक आहे ना? मग झालं तर!"

म्हणून माझी मागणी साधी आहे. कोपर काटकोनात राहील असं टेबल द्या, वरखाली होणारी खुर्ची द्या आणि तासाला पाच मिनिटं हात मोकळे सोडा. मग कळा सरळ लावा, तिरक्या लावा, हवं तर गोल लावा.

आमच्या साहेबांना हे तोंडी सांगितलं, लेखीही दिलं. ते म्हणाले, "जरा कळ काढा."

तीच तर काढतोय!