उभे राहिले की धाप, आडवे झाले की आराम



घरात कुणाला धाप लागली म्हणजे आपण त्याला उठवून बसवतो, पाठीला गोधड्यांचा टेकू देतो. बहुतेक वेळा ते बरोबरच असते. हृदय थकून फुप्फुसात पाणी साचले की आडवे पडल्यावर जीव गुदमरतो आणि बसल्यावर मोकळा होतो. पण क्वचित अगदी उलट घडते. बाजेवर पडून आहे तोवर माणूस बरा. उठून बसला, उभा राहिला की धाप लागते, ओठ निळसर पडतात. पुन्हा आडवा झाला की थोड्या वेळात ठीक.

अशा माणसावर फार अन्याय होतो. आपल्या बीड जिल्ह्यातून दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयते कारखान्यांकडे निघतात. फडात एखादी बाई 'उभं राहवत नाही' म्हणाली आणि कोपीत पडल्यावर बरी दिसली, तर 'कामाचा कंटाळा' असे ठरवून सगळे मोकळे होतात. म्हातारी सासू असली तर 'वय झालं'. आजार तसाच राहतो.

यामागे काय असते ते पाहा. आईच्या पोटात बाळाची फुप्फुसे चालत नसतात, म्हणून त्याच्या हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला एक झडपेसारखे भोक असते. जन्मानंतर ते मिटते. तरी सुमारे चारांतल्या एका माणसात ते पुरते चिकटत नाही, आणि बहुतेकांना जन्मभर त्याचा पत्ताही लागत नाही. मात्र उतारवयात मुख्य रोहिणी रुंदावली, पाठीला बाक आला, किंवा एका फुप्फुसाचे ऑपरेशन झाले, तर हृदयाची ठेवण बदलते. मग उभे राहिल्यावर पडदा ताणला जातो आणि पायाकडून येणाऱ्या रक्ताची धार नेमकी त्या भोकावर येते. दोन वाफ्यांमधला बांध फुटावा तसे उजवीकडचे अशुद्ध रक्त फुप्फुसात न जाताच डावीकडे शिरते आणि अंगभर फिरते. म्हणूनच नाकाला ऑक्सिजन लावूनही आकडा म्हणावा तसा चढत नाही. याच भोकातून रक्ताची गुठळी मेंदूकडे गेली तर अर्धांगवायूही होऊ शकतो.

हृदय चांगले असून लिव्हर खराब झाल्यानेही असेच होते, हेही ध्यानात ठेवा.

२०२० च्या कोरोनापासून बोटाला लावायचे ऑक्सिजनचे यंत्र गावोगाव पोचले आहे. आशाताईंकडे चौकशी करा. रुग्णाला दहा मिनिटे आडवे ठेवून आकडा लिहा, मग बसवून, मग उभे करून. जवळ कुणीतरी धरायला हवे, नाहीतर चक्कर येऊन पडायचा. बोट गार नको, नखाला रंग नको. उभे राहिल्यावर आकडा पाचने किंवा जास्त उतरला, तर तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जा. आकडा उतरला नाही म्हणून मात्र निर्धास्त राहू नका; अंगात रक्त कमी असले तर धाप लागते, पण आकडा चांगलाच दिसतो.

दवाखान्यात नुसते 'दम लागतो' म्हणू नका. कसे असताना लागतो आणि कसे केल्यावर थांबतो, ते आपणहून सांगा. गर्दीत प्रत्येक डॉक्टर विचारतीलच असे नाही. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखवले तर पुढे कुठे जायचे तेही कळेल. शिरेतून बारीक बुडबुड्यांचे सलाईन देऊन हृदयाची सोनोग्राफी केली की भोक सापडते. आडवे आणि बसते, दोन्ही प्रकारे करता येईल का, ते विचारा.

भोक सापडलेच तर बहुधा छाती उघडावी लागत नाही. मांडीच्या शिरेतून नळी घालून छत्रीसारखी चकती बसवतात आणि पुष्कळांना लगेच आराम पडतो. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत हे बसते का, याची चौकशी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे आधीच करा. रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत न्या.

ओठ निळे पडून शुद्ध हरपू लागली, छातीत कळ आली किंवा एका बाजूचा हात-पाय लुळा पडला, तर आकडे लिहीत बसू नका. १०८ ला फोन करा, आणि गाडी येईपर्यंत ज्या स्थितीत त्याला बरे वाटते त्याच स्थितीत ठेवा.