हेतु आणि हेत्वाभास

“आतां काम उरलें नाहीं,” असें सांगून धन्यानें एखाद्यास नोकरींतून कमी केलें, आणि आपल्या वंशामुळेंच आपणांस काढलें अशी त्याची खात्री असली, तर ती न्यायासनापुढें सिद्ध कशी करावी? हेतु धन्याच्या मनांत. आणि मनास साक्षीला बोलावतां येत नाहीं.

या प्रश्नाचा ऊहापोह अमेरिकेंतील एका खटल्यांत झाला. सेंट लुईस येथील मॅक्डोनेल या विमानें बांधणाऱ्या कारखान्यांत पर्सी ग्रीन हा कृष्णवर्णी कारागीर १९५६ पासून नोकरीस होता. १९६४ च्या ऑगस्टांत सरसकट कपातींत त्याला काढलें. हा वंशभेद होय, असें म्हणून त्यानें निषेध आरंभिला. सोबत्यांसह मोटारी उभ्या करून कारखान्याचे रस्ते अडविले. १९६५ सालीं त्याच कारखान्यानें कारागिरांसाठीं जाहिरात दिली. ग्रीननें अर्ज केला; तो नाकारला गेला.

१९७३ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें घालून दिलेली रीत तर्कशास्त्र शिकलेल्यांस ओळखीची वाटेल. धुरावरून अग्नि जाणावा, तशी ती आहे. प्रथम वादीनें दाखवावें, कीं आपण अल्पसंख्य वंशाचे, कामास पात्र, तरी नाकारले गेलों, आणि पुढेंही तशाच पात्रतेच्या माणसांचा शोध चालूं राहिला. मग धन्यानें रास्त कारण सांगावें. शेवटीं, तें कारण हेतु नसून हेत्वाभास, म्हणजे निव्वळ सोंग आहे, हें दाखविण्याची संधि वादीस मिळावी. कपातींत जागाच नाहींशी होते. म्हणून तेथें समान योग्यतेचे अन्य वंशीय कामावर राहिले काय, हें पाहतात.

कारखान्यानें रस्ता अडविल्याचें कारण पुढें केलें. न्यायालयानें तें कारण रास्त मानलें. परंतु तितकाच गंभीर अपराध करणाऱ्या गोऱ्यांना कामावर ठेवलें होतें काय, हें तपासण्यास खटला खालीं धाडला. तेथें ग्रीन हरला. रीत मात्र टिकली. पुढें असंख्य खटल्यांत तीच कसोटी लागली.

हें वाचतांना मला माझा वर्ग आठवला. एकदां दोन मुलें उशिरां आलीं. गवंड्याच्या मुलास मीं बाकावर उभें केलें. वकिलाच्या मुलास नुसतें बसावयास सांगितलें. “शिस्त” हें कारण माझ्यापाशीं तयार होतें, आणि तें खोटेंही नव्हतें. फक्त तें दोघांना सारखें लावलें नव्हतें.